आरशातली जागा

एप्रिलमधल्या एका मंगळवारी झेनोन चुकीच्या ट्राममध्ये चढला. एवढंच झालं. आम्हाला सहा नंबर हवी होती, आली सोळा नंबर, आणि ज्या माणसानं वुच शहरात एकतीस वर्षं ट्राम चालवली तो निवांतपणे पायरी चढून आपल्या आवडत्या उजव्या खिडकीशी जाऊन बसला. मी मागं होते, हातात बिटांची पिशवी. अरे, ही सोळा आहे, असं मी म्हणू शकले असते. शब्द तोंडात आलेही होते. पण त्याच्या चेहऱ्यावर जी खात्री होती तिची मला गंमत वाटली, आणि पिशवी मांडीवर घेऊन मी शेजारी बसले. तिसऱ्या थांब्यानंतर ट्राम वळली. आम्हाला सरळ जायचं होतं. त्याची मान ताठ झाली. समोरच्या पाटीकडं त्यानं एकदा बघितलं, मग डोकं पार डावीकडं वळवून पुन्हा बघितलं, आणि तेव्हा त्याच्या ओठांची हालचाल मला दिसली: सोळा. पाटीवरचा एक त्याला आधी दिसलाच नव्हता. "आज मार्ग बदललाय," तो म्हणाला. "रुळांचं काम काढलं असणार. अक्कल गहाण टाकलीय सगळ्यांनी." मी म्हणाले, "असेल." आम्ही उतरलो आणि चालत परत आलो, आणि वाटेत एका बाईच्या छत्रीला त्याचा डावा खांदा धडकला. तिलाही त्यानं अक्कल शिकवली.

मी सव्वीस वर्षं कापडगिरणीत तपासणीच्या टेबलावर होते. खालून दिवा, वरून कापड सरकत जातं, आणि आपण बघत राहायचं. कुठं धागा तुटलाय, कुठं गाठ आलीय, कुठं रंग उतरलाय. दोष सापडला की त्याच्या शेजारी, कापडाच्या काठाला, लाल दोरा बांधायचा. दुरुस्ती आमच्याकडं नव्हती, ती दुसऱ्या मजल्यावर. आपण दोरा बांधायचा आणि पुढं बघायचं. नव्या पोरी सुरुवातीला हळहळायच्या, अरेरे, एवढं चांगलं कापड. मी कधी हळहळले नाही. त्या मंगळवारी ट्राममध्ये मी असाच दोरा बांधला आणि पुढं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मिठाची बाटली त्याच्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवली. तो उजवीकडं शोधत राहिला, मग म्हणाला, "या घरात वस्तू जागेवर नसतात." त्याच्या पुढ्यातून बाटली उचलून मी त्याच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी चहाचा पेला. मग कपाटाचं डावं दार उघडं. त्या दारानं त्याच्या कपाळाला खोक पडली, लहानशीच, आणि मी कापूस आणून ती पुसली. फुंकर घालत घालत पुसली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हे इथंच सांगून टाकते. मला उलट फार दिवसांनी एखादं काम मिळाल्यासारखं वाटत होतं. रात्री झोप चांगली लागत होती.

त्याला स्वतःला माहीत नसेल असं मी महिनाभर धरून चालले होते. मे महिन्यात, सहलीची तयारी काढली तेव्हा, गाडीमागं ओढायच्या आमच्या घरातल्या बाकाखालच्या पेटीत रबरी हातोड्याच्या शेजारी चार घड्या घातलेला कागद मिळाला. डोळ्यांच्या डॉक्टरचा. तारीख सात मार्च. हिवाळ्यात कधीतरी मेंदूतली एक बारीक नस बंद पडली होती, त्याला ती सर्दीची डोकेदुखी वाटली होती. दोन्ही डोळ्यांनी दिसणाऱ्या जगाचा डावा अर्धा भाग गेलेला, परत येणार नाही. खाली, दोनदा अधोरेखित करून: वाहन चालवू नये. म्हणजे ट्राम चुकली त्याच्या सहा आठवडे आधीपासून त्याला सगळं माहीत होतं. छत्रीवाल्या बाईला शिव्या घालताना माहीत होतं. कपाळ पुसून घेताना माहीत होतं. मी कागदाच्या चार घड्या पहिल्यासारख्या घातल्या आणि हातोड्याशेजारी ठेवला. संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा प्यालो, आणि तो मला म्हणाला, "पंधरा जूनला निघू. यंदा लवकर जाऊ, चांगली जागा मिळेल." मी म्हणाले, "निघू."

हे ओढायचं घर म्हणजे आमचं अंडं. फायबरचं, पांढरं, वाटोळं. आत दोन माणसं झोपतात, तिसरं उभं राहिलं तर चौथ्यानं बाहेर जावं. नंबर लावून, दीड वर्ष थांबून, पंच्याऐंशी साली घेतलं. मिर्का तेव्हा पोटात होती. ती त्यात वाढली आणि मग नॉर्वेला जाऊन खऱ्या घरात राहू लागली. चौतीस उन्हाळे आम्ही हे अंडं ओढत उत्तरेला समुद्रावर नेलं, सहलीच्या एकाच तळावर, मातीच्या कड्यावरच्या पाइनच्या रानात. तो कडा दर हिवाळ्यात थोडा थोडा समुद्रात पडतो. आमच्या पहिल्या वर्षीची जागा आता हवेत आहे. असलं अंडं इतकं हलकं असतं की दोन माणसं हातांनी ढकलून जागेवर लावतात. सगळे तसंच करतात: गाडीपासून सोडवायचं, दोघांनी दोन बाजूंनी धरायचं, हसत खिदळत ढकलायचं. झेनोन नाही. झेनोन रिव्हर्समध्ये लावतो. लांबलचक ट्रेलर मागं घेताना हळूहळू वळतात, हे आखूड असल्यानं स्टिअरिंग बोटभर जास्त फिरलं की फटकन आडवं होतं, त्यामुळं भले भले त्याच्या नादी लागत नाहीत. आयुष्यभर रुळांवर पुढं पुढं गेलेल्या माणसाला रूळ नसलेल्या जागी मागं जाण्यात काय सुख मिळायचं ते त्यालाच माहीत. पण दर जूनमध्ये आम्ही पोचलो की आजूबाजूचे लोक खुर्च्या वळवून, बियरच्या बाटल्या घेऊन बघायला बसायचे. आणि दर जूनमध्ये मी मागं उभी असायची.

मागं उभं राहणारी बायको ही तळावरची जुनी करमणूक आहे. नवरा गाडीत, बायको मागं, ती हातवारे करते, तो खिडकीतून ओरडतो. शहाण्यासुरत्या जोडप्यांचीही त्या दहा मिनिटांत लक्तरं निघतात. आमचं पहिल्याच वर्षी झालं. शहाऐंशी साली, सात महिन्यांच्या मिर्काला एका हातावर घेऊन मी दुसऱ्या हातानं डावीकडं दाखवलं, पाहिजे होतं उजवीकडं, आणि अंड्याचा मागचा दिवा झाडावर फुटला. मला डावं-उजवं पटकन कळत नाही, लहानपणापासून नाही. त्या दिवशी तो काही बोलला नाही. दुसऱ्या वर्षी तळावर पोचल्यावर, सगळे बघत असताना, त्यानं खिशातून लाल दोरा काढला. माझ्याच शिवणाच्या डब्यातला, गिरणीतला. तो माझ्या डाव्या मनगटाला बांधला, गाठ मारली, आणि लोकांकडं वळून म्हणाला, "गिरणीत सदोष मालाला हा बांधतात. म्हटलं, आपणही बांधावा." लोक इतके हसले. मीही हसले, ते आठवलं की आजही गालांचे स्नायू दुखतात. मग हा रिवाज झाला. जूनमधला दोरा. तळावरच्या बायका मला विचारायच्या, "दोरा आणलाय ना?" ब्याण्णव साली त्यानं मला भडक पिवळा रेनकोट घेऊन दिला, ऊन असो पाऊस असो, मागं उभं राहताना घालायचा, म्हणजे आरशात दिसते. आणि एक नियम, जो तो दरवर्षी खिडकीतून ओरडून सांगायचा, सगळ्या रानाला ऐकू जाईल असा: "डाव्या आरशात उभी राहा! तू मला आरशात दिसली नाहीस तर मी गाडी हलवणार नाही!" खरं सांगायचं तर तो नियम मला आवडायचा. चौतीस वर्षांत माझ्यावाचून काही अडतं असं त्यानं सांगितलेली ती एकच गोष्ट होती.

तर मला काय हवं होतं ते सांगते, कारण नंतर लोक काहीही म्हणतात. मला एक वाक्य हवं होतं. लुडका, मला दिसत नाही, जरा बघ. बस. हे वाक्य आलं असतं तर मी त्याच क्षणी सगळं सोडून दिलं असतं, त्याचे डोळे झाले असते, वाटेल तिथं हात धरून नेलं असतं. निघायच्या आदल्या दिवशी कटलेट तळताना मी त्या वाक्याची वाट बघत होते. अंडी उकडताना बघत होते. तो अंगणात अंड्याचं टोक गाडीच्या हुकावर बसवत होता, तीन वेळा चुकला, चौथ्यांदा डोकं वाकडं करून जमवलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "काय बघतेस? हात रिकामे असतील तर चादरी आण." मी चादरी आणल्या. गाडी चालवायला मी शिकले नाही. सत्त्याऐंशीत एकदा त्यानं मोकळ्या मैदानात शिकवायला घेतलं होतं. अर्धा तास. त्यानंतर तो आठवडाभर जेवायच्या टेबलावर माझी नक्कल करत होता, आणि मी तो विषय कायमचा बंद केला.

वुचपासून समुद्र चारशे किलोमीटर. आमच्याकडं समोरून येणारं सगळं डावीकडून येतं. मी त्याच्या उजवीकडं बसते, म्हणजे त्याला जे दिसत नव्हतं ते सगळं मला दिसत होतं, आणि जिवाची भीती मलाही आहे. त्यामुळं मी बडबडी झाले. बाई गं, केवढा मोठा ट्रक आला हा समोरून. हे बघ, त्या वळणावर ट्रॅक्टर उभा आहे, भोपळे की काय आहेत त्यात. डावीकडची लाल गाडी फारच घाईत दिसतेय. एरवी तासन्‌तास तोंड न उघडणारी मी गावामागून गावं सांगत सुटले, आणि तो कान टवकारून ऐकत होता. मला कळत होतं की तो ऐकतोय. मी ट्रक म्हटलं की त्याचे हात उजवीकडं किंचित सरकायचे. दोन तासांनी तो म्हणाला, "आज तुझ्या तोंडाला विश्रांती नाही का?" मी गप्प बसले. मुद्दाम. मी बाहेर बघत बसले आणि काहीच सांगितलं नाही, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. वेग साठ, मग पन्नास. मागं हॉर्न वाजायला लागले. दहा मिनिटं मी तो घाम बघितला. रस्त्यावर दुसरीही माणसं होती हे मला समजत नव्हतं असं नाही. एका जंगलातल्या चौकात डावीकडून सायकलवर एक बाई आली, पुढं टोपलीत पाव, आणि मी ओरडले, "झेनोन, सायकल." त्यानं ब्रेक दाबला, मागचं अंडं करकरलं, ती बाई आमच्या बंपरला जवळजवळ घासून गेली आणि तिनं आमच्याकडं वळूनही बघितलं नाही. मला वाटलं, आता. आता हा म्हणेल. "दिसली होती मला," तो म्हणाला. "उगाच ओरडतेस काय?"

मग आम्ही झाडीतल्या थांब्यावर कटलेट खाल्ली. उकडलेली अंडी, टोमॅटो, थर्मासमधला चहा. तो बाकावर पाय पसरून बसला होता, ऊन अंगावर घेत, आणि मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून त्याच्याकडं बघत होते. ही एक नवीनच सोय झाली होती. छत्तीस वर्षांच्या संसारात मला त्याच्याकडं असं बिनधास्त कधी बघता आलं नव्हतं, लगेच विचारायचा, काय झालं? आता मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून त्याच्या कानावरचे केस, हनुवटीखालची सैल कातडी, जबड्याची हालचाल बघू शकत होते. तो म्हातारा झाला होता. घास गिळताना डोळे मिटत होता. मध्येच तो थांबला, समोरच्या झाडांकडं बघत राहिला, आणि त्याचा चेहरा इतका एकटा दिसला की माझा हात आपोआप पुढं गेला. खांद्यापर्यंत पोचलाच होता. तेवढ्यात तो मोठ्यानं म्हणाला, मी गाडीत आहे असं समजून, "लुडका, दोरा घेतलास ना? नाहीतर लोकांची निराशा व्हायची." आणि स्वतःशी हसला. मी हात मागं घेतला. जरा वेळानं, गाडीच्या दिशेनं चालत जाऊन, तिथून उत्तर दिलं, "घेतलाय."

तळावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. समुद्राचा आवाज कड्याखालून येत होता, राळेचा वास, आणि सगळीकडं तो पिवळट उजेड. शेजारी नेहमीची माणसं आधीच आली होती: बिदगोश्चचे अल्बिनराव, निवृत्त दंतवैद्य, आणि त्यांची कोर्नेलिया. त्यांचं अंडं निळ्या पट्टीचं. "आले, आले," अल्बिनराव ओरडले. "खेळ सुरू होतोय, खुर्च्या मांडा." कोर्नेलियानं मला मिठी मारली, म्हणाली, "लुडविकाबाई, तुम्ही बारीक झालात," मग कुजबुजली, "दोरा?" मी मनगट पुढं केलं. झेनोन आला, दोन्ही हातांत तो दोरा ताणून धरलेला, पाचसहा कुटुंबं जमलेली, त्यात नवीनही काही. त्यांच्यासाठी त्यानं सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. शहाऐंशीचा दिवा, गिरणी, सदोष माल. दोरा बांधताना त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली, थंडगार होती. त्याचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. मी हळूच म्हणाले, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं, "झेनोन, यंदा ढकलून लावू या. अल्बिनराव आहेत, मी आहे. पाच मिनिटांचं काम." ही मी त्याला दिलेली संधी होती आणि ती मी मनापासून दिली होती. त्याची बोटं गाठीवर थांबली. क्षणभर त्यानं माझ्याकडं बघितलं, बहुतेक माझ्या चेहऱ्याच्या एका बाजूकडं. मग तो मान वर करून म्हणाला, "ऐकलंत का? बाईसाहेब म्हणतात, ढकलू या. चौतीस वर्षांत डावी-उजवी आली नाही, आता मला गाडी शिकवतात." हशा झाला. अल्बिनराव म्हणाले, "झेनोनराव, बायकोला असं बोलू नये," आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसले.

मी पिवळा रेनकोट घातला आणि मागं गेले. जागा दोन जाड पाइनच्या मधली, मागं झुडपं, त्यापलीकडं कुंपण आणि कडा. पुढं बसलेल्या लोकांना तिथलं काही दिसत नव्हतं, मध्ये गाडी आणि अंडं. झेनोननं आल्या आल्या आपली घडीची खुर्ची काढून जागेच्या डाव्या कोपऱ्यात मांडून ठेवली होती, काम झाल्यावर पहिली बियर तिथंच बसून प्यायची. मी तिच्याशेजारी उभी राहिले, डाव्या आरशाच्या रोखानं, बरोबर तिथं जिथं चौतीस वर्षं उभी राहत आले. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. लहानसा, चौकोनात. आरशातही त्याला डावा अर्धा भाग दिसत नसणार, अंड्याची पांढरी बाजू दिसत असेल आणि तिच्याशेजारी मी जिथं असायला हवी तिथं काहीच नाही. मला एकदम लक्षात आलं की आता त्याला थांबावं लागेल. त्याचाच नियम. मी दिसले नाही तर तो गाडी हलवणार नाही. माझ्या पोटात काहीतरी उबदार झालं. आता दार उघडेल, तो उतरेल, मागं येईल आणि म्हणेल.

गाडी हलली. अंडं माझ्याकडं यायला लागलं, फार डावीकडं. मी हात वर केला, थांब. दोरा बांधलेला हात. अंडं येतच राहिलं. मी दोन्ही हात वर केले. आरशातला चेहरा शांत होता, सरळ माझ्याकडं बघत होता आणि बघत नव्हता. "दिसतेयस!" तो खिडकीतून ओरडला. "दिसतेयस मला, तशीच उभी राहा!" अंड्याची थंड पाठ माझ्या तळव्यांना टेकली आणि मी बाजूला झाले. मागचं चाक एका मुळावर अडकून थांबलं. त्यानं गाडी पुन्हा पुढं घेतली, दुसऱ्या प्रयत्नासाठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्या वेळात माझ्या मनात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. राग नव्हता. गिरणीत कधीकधी कापडाचा अख्खा ताका खराब निघायचा, दोष संपेचना, आणि मग आपण दोरा बांधणं बंद करून नुसतं सरकू द्यायचो. तसं काहीतरी. दिसत नाही हे त्याला माहीत होतं. मी मागं आहे हेही माहीत होतं. हे दोन्ही माहीत असून त्यानं पाय दाबला होता. मी रेनकोट काढला, त्याच्या खुर्चीवर पाठीकडून नीट चढवला, टोपी वर ओढली, बाह्या हातांवर सोडल्या, आणि डावीकडच्या पाइनच्या मागं जाऊन उभी राहिले. राळ माझ्या ब्लाउजला चिकटली. गाडी परत मागं येऊ लागली. "दिसतेयस!" तो ओरडला. "आता बरोबर उभी राहिलीस!" खुर्चीचे पाय आधी वाकले, मग लोखंड करकरलं, आणि चाक पिवळ्या बाहीवर चढून थांबलं.

कोर्नेलिया किंचाळली. तिनं पुढून, गाडीखालून, पिवळं काहीतरी पाहिलं होतं. लोक धावले. झेनोन उतरला आणि अंड्याला हात लावत लावत मागं आला, माझ्या झाडाशेजारून गेला, चाकापाशी थांबला. त्यानं ती बाही पाहिली. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि तो चेहरा मी विसरणार नाही, त्यात जे होतं ते मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. सगळं एवढ्यावरच थांबलं असतं तर बरं झालं असतं. अल्बिनराव धापा टाकत आले, म्हणाले, "झेनोनराव, काय झालं? बाई कुठं आहेत?" आणि झेनोन, चाकाखालच्या त्या बाहीकडं बघत, कोरड्या आवाजात म्हणाला, "हिनं परत डावी-उजवी चुकवली." मग तो खाली बसला, दोन्ही हातांनी बाही ओढायला लागला, लुडका, लुडका, आणि रडायला लागला. पण ते वाक्य आधी आलं होतं. मी मेले की जिवंत आहे हे बघायच्या आधी आलं होतं.

मी झाडामागून निघाले आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. सगळ्यांनी मला पाहिलं. कोर्नेलियाच्या तोंडावर हात होता. "अहो, या काय," ती म्हणाली, "या काय तुमच्या शेजारीच उभ्या आहेत." झेनोननं चटकन वर बघितलं आणि उजवीकडं वळला. तिथं झुडपं होती. "कुठं?" तो म्हणाला. "शेजारी, शेजारी," अल्बिनराव म्हणाले, आणि मग तेही गप्प झाले, कारण झेनोन अजून उजवीकडंच बघत होता, डोळे पुसून पुसून बघत होता, हवेत हात फिरवत होता. दंतवैद्य असले तरी डॉक्टरच ते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खाली. एकेक करून सगळ्यांना कळत गेलं. कोणी हसलं नाही. चौतीस वर्षांत त्या जागी पहिल्यांदाच कोणी हसलं नाही, आणि मला वाटलं होतं तसं काही त्याचं सुख झालं नाही.

"लुडका," तो म्हणाला, झुडपांकडं तोंड करून, अगदी हळू. "मला दिसत नाहीये. कुठं आहेस? बघ ना जरा."

वाक्य आलं. जसं हवं होतं तसंच, शब्दही जवळजवळ तेच. मी मनगटावरच्या दोऱ्याची गाठ सोडवत होते. ती त्यानं फार घट्ट मारली होती, नखांनी सुटायला वेळ लागला. कोर्नेलियानं माझ्याकडं बघून ओठांनीच विनवलं, बोला की. मी दोरा सोडवला, त्याची नीट घडी केली आणि खिशात टाकला, आणि तो पूर्ण वळून माझ्यापर्यंत येईतोवर काही बोलले नाही.